लग्नाआधीच्या गोळ्या

गर्भाशयात गाठी असल्याचं कळलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. लग्न झालेलं नव्हतं. कोल्हापुरातून रोज एसटीनं कोडोलीच्या शाळेत शिकवायला जायचे. पाळीत इतकं रक्त जायचं की खुर्चीवरून उठायचीही भीती वाटे. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघितली, रक्तदाब तपासला आणि गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या.

"यांनी गाठ विरघळणार नाही," त्या म्हणाल्या, "पण रक्त जायचं कमी होईल."

झालंही तसंच. मी वर्गात निर्धास्त उभी राहू लागले.

एकदा शाळेला जाताना गल्लीतल्या औषधाच्या दुकानात नवं पाकीट मागितलं. दुकानदार सगळ्यांदेखत ओरडला, "पोरं न व्हायच्याच न्हवं?" मागं शेजारच्या काकू उभ्या होत्या.

संध्याकाळी आई दारातच.

"कुणाच्या नावानं खातीयास ह्या गोळ्या?"

"गाठीसाठी हाईत, आई. तुला सांगितलंय की."

"गाठीला गाठीचं औषध असतंय. लग्नाची पोरगी तू. आयतवारी पावणं बघाय यायचं हाईत, त्यांच्या कानावर गेलं तर?"

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पाकीट माझ्या पर्समधून काढून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. पुढं ती रोज पर्स तपासायची, आणि मी तपासू दिली. भांडायचा कंटाळा आला होता.

रविवारी पाहुणे आले. मुलगा बरा वाटला. त्यांनी पसंती कळवली, आई पेढे वाटत सुटली.

पुढच्याच पाळीत शाळेत फळ्यासमोर डोळ्यांपुढं अंधारी आली. सहकारी बायकांनी साडीभोवती चादर गुंडाळून मला कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं. अंगात रक्त उरलं नव्हतं, बाटल्या चढवाव्या लागल्या.

"गोळ्या का बंद केल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी निरोप मिळताच धावत आलेल्या आईकडं बघितलं. ती माझ्या पायांवरचं पांघरूण नीट करत राहिली. एवढा राग मला आधी कधी आला नव्हता.

थोड्या वेळानं बाहेरून तिचाच आवाज आला. फोनवर मुलाच्या आईला सांगत होती, "काय न्हाय ओ, कावीळ झालीया पोरीला."

आठवड्याभरात निरोप आला. कावीळ झालेली मुलगी त्यांना नको होती.

आईनं त्याचाही दोष मलाच दिला. मग मला घेऊन नृसिंहवाडीला गेली आणि दत्तासमोर नवस बोलली. मी शेजारीच उभी होते, सगळं ऐकू आलं. गाठीचं ती काहीच बोलली नाही, नवस लग्नासाठी होता.

गोळ्या मी पुन्हा सुरू केल्या. पाकीट फ्रीजवर उघड्यावर ठेवते. कुणी आलं की आई ते डब्यामागं सरकवते, माणसं गेली की मी पुढं आणते.