गरम झाली की अडखळणारी गाडी

बॉनेट उघडलं तेव्हा इंजिन छान चालत होतं. पंचाईत तीच होती.

"आता गप हाय बघा मिस्त्री. गरम होऊ द्या, मग नाटकं चालू," प्रतापराव म्हणाले. त्यांचं तुळजापुरात लॉज आहे. ही पेट्रोलची मोठी गाडी सोलापूर स्टेशनवरून भाविक आणते आणि दर्शन झालं की परत नेऊन सोडते. माझं गॅरेज सोलापूर रोडलाच, त्यामुळे गाडी ओळखीची. तिचा ड्रायव्हर हणमंताही ओळखीचा. पण त्या दिवशी गाडी प्रतापरावांनी स्वतः आणली होती.

"हणमंता कुठंय?"

"काढला त्याला. चोर हाय ते! पेट्रोल काढून इकतंय आन टाकीत कायबी भरतंय. ॲव्हरेज पार झोपलंय गाडीचं. तुम्ही टाकी तपासा आन भेसळ हाय म्हणून सांगा. मी ठाण्यात जायला मोकळा."

म्हणजे निदान झालं होतं आणि शिक्षाही झाली होती. मी फक्त मान डोलवायची. असल्या गिऱ्हाइकांची मला पहिल्यापासून चीड आहे. त्यात तुळजापूर ते केवढं! लॉजच्या गल्लीत एकानं चोर म्हटलं की दुसरा कुणी चावी हातात देत नाही. हणमंताला गाडी चालवण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

मी टाकीतलं थोडं पेट्रोल काढलं. पांढऱ्या कागदावर थेंब टाकला. चांगलं पेट्रोल उडून जातं, तेल मिसळलेलं असलं तर डाग राहतो. डाग राहिला नाही. कागद प्रतापरावांना दाखवला.

"हे कालच मी सोता भरलंय," ते म्हणाले. "त्याचं कवाच जळलं आसंल."

घ्या. डाग पडला असता तर चोर, नाही पडला तरी चोर.

इंजिन चालू ठेवून मी चहा प्यायलो. इंजिन तापलं आणि गाडी थरथरायला लागली. रेस कमीजास्त होऊ लागली, सायलेन्सरमधून काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास. प्लग काढले तर चुलीतून काढल्यासारखे काळे. आधीच्या गॅरेजवाल्यानं प्लग नवे टाकले होते, फिल्टर बदलला होता. ते नवे प्लगही काळे झाले. काळा प्लग एकच गोष्ट सांगतो, इंजिनात पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय. टाकीतून चोरीला गेलेलं पेट्रोल प्लग काळे करत नाही. म्हणजे ॲव्हरेज कुठं जात होतं ते कळलं. का जात होतं ते शोधायचं होतं.

स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं यंत्र. त्यात एकही फॉल्ट नाही. पुष्कळ मिस्त्री इथंच हात टेकतात. मी एकेक रीडिंग बघत गेलो. इंजिनाचं तापमान बघितलं आणि थांबलो. रेडिएटरचा पाइप हात लावता येणार नाही इतका तापला होता, आणि कॉम्प्युटर म्हणत होता, इंजिन अजून थंड आहे.

थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. जुन्या स्कूटरला सकाळी चोक ओढायचो, तसं. आता ते काम कॉम्प्युटर करतो. इंजिन किती तापलं हे त्याला एक सेन्सर सांगतो. इथं निरोप चुकीचा जात होता, त्यामुळे भर उन्हातही चोक ओढलेलाच.

सेन्सर मीटरवर तपासला. तो चांगला होता. मग त्याच्या वायरचा कपलर, म्हणजे जोडणीची टोपी, ओढून काढली. आत पिना हिरव्या पडलेल्या. त्यावर पिवळा, चिकट थर. वास घेतला. खवट खोबरं!

"इंजिनावर काय ओतता?"

"ओतायचं काय? आक्का दर मंगळवारी पूजा करती गाडीची. हळदकुंकू वाहती, नारळ फोडती, पाणी इंजिनाला घालती."

आक्का म्हणजे त्यांच्या आई. पूजा मीही करतो. खंडेनवमीला माझ्या पान्यांनाही हळदकुंकू लागतं. पण मी ते वायरिंगवर ओतत नाही. नारळपाण्यात क्षार असतो, साखर असते. कपलरात शिरून ते पिना खातं आणि निरोपाला अडथळा होतो. इंजिन थंड असताना सेन्सरचा स्वतःचाच अडथळा मोठा असतो, त्यात गंजाचा मिसळलेला कळत नाही. इंजिन तापलं की सेन्सरचा कमी होतो, मग गंजाचाच भारी पडतो आणि कॉम्प्युटरला इंजिन थंडच वाटतं. पोतंभर ज्वारीत चिमूटभर माती कळत नाही, तीच ओंजळभर पिठात पडली की भाकरी कचकचते.

पिना साफ केल्या, कपलर नवा जोडला. स्कॅनरवर तापमान बरोबर आलं. तापलेलं इंजिन एका सुरात चालू लागलं.

प्रतापरावांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना कळलंही होतं, ते काही अडाणी नव्हेत. त्यांनी स्वतःच बॉनेट लावलं.

"मिस्त्री, उंदरानं वायर खाल्ली म्हणून सांगा."

"आणि हणमंता?"

"आक्काला कसं सांगू? म्हातारी हाय खाईल. आन चार लोकांत मी त्याला चोर म्हणलोय. आता काय त्याच्या पाया पडू? मेव्हण्याच्या पोराला ठिवलंय गाडीवर. हणमंताचं बघू नंतर."

"उंदीर मी सांगणार नाही, प्रतापराव."

"नका सांगू. मी सांगतो."

त्यांनी सांगितलं. गल्लीत उंदीरच झाला. पण उंदरामुळे हणमंता सुटला असंही नाही. लोक म्हणाले, वायर उंदरानं खाल्ली, पेट्रोल ह्यानं खाल्लं. आणि ती गाडी पुन्हा माझ्याकडे आली नाही.

हणमंताला गाठलं तेव्हा तो नळदुर्गकडे एका खडी क्रशरवर खडीच्या पाट्या वाहत होता. ड्रायव्हर म्हणून तिथंही कुणी घेतला नव्हता. मी कपलर सांगितला, स्कॅनर सांगितला, नारळपाणी सांगितलं. म्हणालो, "तुझी काही चूक नव्हती, हे मी मीटर लावून पाहिलंय. कुणासमोर सांगायचं असेल तर मी येतो."

त्यानं पाटी खाली ठेवली. अंगावर सगळी पांढरी धूळ.

"मिस्त्री, आक्काम्होरं म्या देवीचा भंडारा उचलून शपथ घेतली. पोराच्या डोक्यावर हात ठिवला. तवा कुणी मानलं न्हाय. आता तुमच्या मीटरचं कोण मानतंय?"

त्यानं पाटी उचलली.

आता गॅरेजमध्ये गाडी आली की मी पहिलं वाक्य एकच बोलतो. गाडीला काय होतंय तेवढं सांगा, कुणी केलं ते सांगू नका. तरी बहुतेक जण आधी नावच सांगतात.