आईची पाच बोटं

फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वह्या तपासत होतो. "शोभाचं रक्त थांबत नाहीये, लगेच या," बायको एवढंच म्हणाली. त्र्यंबक रोडवरून रिक्षाने दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझी धाकटी बहीण, चौतीस वर्षांची. त्याला दीड महिना झाला.

नव्वदच्या दशकात, ती कॉलेजात असताना, तिच्या पोटाची डावी बाजू फुगू लागली. नाकातून रक्त यायचं, जरा धक्का लागला की काळेनिळे डाग पडायचे. आम्ही आधी जंताचं औषध दिलं, मग काविळीचं. शेवटी मुंबईला हाडातल्या मज्जेची तपासणी झाली आणि गॉशे हे आजाराचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं. मी विज्ञानाचा मास्तर! पेशीतल्या लयकारिका टाकाऊ पदार्थांचा निकाल लावतात, हे दरवर्षी फळ्यावर लिहून देत होतो. त्या कामाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, शोभाच्या शरीरात पुरेसं तयारच होत नव्हतं. न मोडलेला मेद पेशींत साठत होता आणि डाव्या बरगडीखालची प्लीहा फुगत होती. शोभाने ते आईला माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं, "अगं, गल्लीत आठवडाभर घंटागाडी आली नाही तर काय होतं? तसंच." परदेशात ते विकर सलाइनमधून देतात म्हणे. आमच्या आवाक्यातलं ते नव्हतं.

"प्लीहा बरगडीखाली किती बोटं आलीय, ते दर महिन्याला मोजा. पाचाच्या पुढे गेलं तर एक दिवस थांबू नका, ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढची दहाएक वर्षं आईच मोजायची. शोभा कॉटवर आडवी व्हायची, आई हात चोळून गरम करायची, मी दारात उभा. पाच. पुढच्या महिन्यात पुन्हा पाच. मग आई मावशीच्या आजारपणासाठी पेठला गेली आणि मोजायचं माझ्याकडे आलं. चार! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गल्लीत पेढे वाटले, डॉक्टरांची तारीख पुढे ढकलली. शोभा नुसती हसली.

तिसऱ्या महिन्यात माझी पाच भरली, तरी मी निर्धास्त. आई परतली, तिने हात ठेवला आणि तिचा चेहराच उतरला. "सहाच्या वर गेलंय रे." डॉक्टर म्हणाले, रक्त फार उतरलंय, आता ऑपरेशन जोखमीचं. पुढे ती चार वर्षं जगली, पण ऑपरेशन करण्याजोगं रक्त पुन्हा कधी भरलं नाही.

शोभा पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये कामाला होती. भोकांच्या पट्टीतून द्राक्षाचे मणी घालून आकार बघायचा, हेच दिवसभर. मोजमाप तिला मी काय शिकवणार? सहाच्या वर गेल्याचं कळलं त्या दिवशी दवाखान्यातून परतताना रिक्षात म्हणाली, "दादा, तुझी बोटं आईपेक्षा जाड आहेत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलोच.

"तू किती दिवसांनी हसला होतास... आणि मलाही चारच हवी होती रे."

मला तिचा भयंकर राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी तिने द्राक्षांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर आईला हात ठेवायला लावला आणि बॉलपेनने पाच बोटांच्या रेघा मारल्या. "आता कुणीही मोजा," म्हणाली.

ती पुठ्ठ्याची पट्टी माझ्या शाळेतल्या टेबलाच्या खणात आहे. तासाला जाण्याआधी मी तिच्यावर हात ठेवून बघतो. माझ्या चार बोटांखाली आईच्या पाचही रेघा झाकल्या जातात.