कमरेचा काळा दोरा

पंचफुला गेली तेव्हा तिच्यामागं रडायला निम्मं गाव होतं, आणि त्यातल्या बहुतेकांचं शेंबडं नाक लहानपणी तिनंच आपल्या पदरानं पुसलेलं होतं. तिच्यावर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मीच बसले. माझी शाळा तिसरीपर्यंत. चुकलं तर नातसून नीट करील, तिला तेवढीच हौस.

मोताळ्याहून धामणगाव बढ्याकडं जाताना रस्ता सोडून आत वळलं की नाल्याच्या काठी आमचं गाव. पंचफुला माझ्या शेजारची. लग्नाला चार वर्षं झाली नाहीत तोच नवरा गेला, मूलबाळ नाही. सातवी शिकलेली होती म्हणून गावानं तिला बालवाडी दिली. दिली म्हणजे मारुतीच्या देवळामागची खोली दिली आणि पोरं दिली. तिनं फळा मागितला तर भगवानराव सरपंच म्हणाले, "भित आहे ना वं चांगली. लिही कोयशानं."

पोरं सकाळी गाणी म्हणत आणि दुपारच्या आत भिंतीला टेकून पेंगत. मला आधी वाटलं, हिची गाणीच तशी असतील. ती म्हणाली, "गानं नाई वो वहिनी. पोटात काई नसलं का लेकरू झोपते."

त्यात मनकर्णाबाईचा पुंजा होता. नवसाचा. तीन वर्षांचा असेल, पण हातपाय तुराट्यांसारखे, पोट पुढं आलेलं, केस तांबूस. अंगावर मात्र आजानं घडवलेले चांदीचे जाड कडे आणि कमरेला तसाच जाड चांदीचा करदोटा. चालताना पोरगं करदोट्याला धरून चालतं की करदोटा पोराला, ते कळत नसे.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी बातमी आली की जीपगाडीतून साहेब येणार, सहा वर्षांच्या आतली लेकरं तोलणार. ज्या गावची लेकरं फार हडकुळी निघतील तिथं लेकरांना खाऊ घालायला दुधाचं आणि सुकडीचं केंद्र उघडणार. पंचफुलाला तर दिवाळी आल्यासारखं झालं. घरोघर फिरली. "लेकरं न्हाऊ घालून, चांगले करून आना वं बायाहो, साहेब येऊन राह्यले." असं सगळ्यांना सांगून आली.

आता आमच्याकडं लेकरू चांगलं करून आणा म्हटलं तर आया काय करतील? पेटीत होतं नव्हतं ते बाहेर निघालं. वाळे, कडे, करदोटे, टोपड्यावरची चांदीची फुलं. सासवांनी सकाळीच भाकरी दुधात कालवून नरड्याशी येईस्तोवर चारली. पाव्हण्यांपुढं लेकरू उपाशी दिसू नये.

पारावरच्या लिंबाच्या फांदीला काटा टांगला होता, खाली कापडाची झोळी. कारकून वजन मोठ्यानं ओरडून सांगे. सगळं गाव पारावर बसलेलं. वजन चांगलं असलं की कारकून म्हणे, "पास."

साहेब पहिल्या बाईला म्हणाले, "अंगावरचं सगळं काढा."

ती पहिली बाई मनकर्णाच होती. म्हणाली, "कडे काढतो साहेब. करदोटा नाई निघत. लेकराची कंबर नंगी ठेवत नाहीत."

मागून तिची सासू बोलली, "कडे तरी काऊन काढतं? चोरीचे आहेत काय?"

मग दुसरी, तिसरी, कोणीच काढेना. साहेबांना सांजेच्या आत आणखी दोन गावं करायची होती. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या. थोडंफार इकडं तिकडं."

पुंजा झोळीत लटकला. चांदी, भाकरी, दूध आणि पुंजा, सगळ्यांचं मिळून वजन निघालं आणि कारकून ओरडला, "पास."

मनकर्णा हसत माघारी वळली. पंचफुलानं तिचा हात धरला. हळूच म्हणाली, "मनकर्णे, पास नोको होऊ देऊ वं. नापास झालं तं दूध भेटते." दोरा बांध अन्‌ चांदी उतरव, एवढं सुचलं असतं तर तेही बोलली असती, पण ते तेव्हा तिला सुचलं नाही.

मनकर्णा सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "तुह्या लेकराले कर नापास. थे तं नाई तुले. माह्या घरची कनगी रिकामी आहे काय?"

बाया हसल्या. पंचफुला तशीच साहेबांपुढं गेली. "साहेब, थे चांदीचं वजन हाय. लेकराचं नाई."

साहेब चांगल्या मनाचे होते, तिच्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, मला आकडा न्यायचा असतो. आकडा मिळाला."

केंद्र नाल्यापलीकडच्या गावाला गेलं. तिथं सगळी मजुरांची घरं, चांदी कोणाकडंच नव्हती, म्हणून त्यांच्या लेकरांचं खरं वजन निघालं. आम्हाला काचेच्या चौकटीत कागद मिळाला, सुदृढ बालकांचं गाव म्हणून. भगवानरावांनी हार घालून घेतला. नारळाचं ताट धरायला पंचफुलाच होती. कागद चावडीत टांगला, फळ्यासाठी मिळाला नव्हता तो खिळा त्याच्यासाठी मिळाला.

पुढच्या साली पाऊस आला नाही. बाया खडी फोडायला गेल्या, धान्याच्या कनग्या खरंच रिकाम्या झाल्या. पंचफुला लेकरांची रांग घेऊन कोरडा नाला ओलांडून त्या केंद्रावर जाऊ लागली. तिथली कौशल्याबाई म्हणाली, "माय, मले माप भेटते थे माह्याच लेकराईचं. तुमचं तं हाराचं गाव." तरी ती पातेलं खरवडून देई, आणि पंचफुला बोटानं चाटवत एकेका तोंडाला लावी. पुंजाला जरा जास्त. मग वरून कोणी तपासायला आलं आणि तेही बंद झालं.

ती भगवानरावांकडं गेली. मी सोबत होते.

"भाऊ, साहेबाले लिहून द्या. आपलं वजन खोटं होतं."

"म्हंजे गावानं सरकारले फसवलं, असं मी माह्या सहीनं लिहू?"

"लिहा."

"अन्‌ थो कागद?"

"उतरवा."

"कागद उतरवतो, मंग नाक कुठी ठेवू थे सांग."

पंचफुला म्हणाली, "खिळा रिकामा होतेच ना भाऊ." भगवानराव उठून आत गेले. तो कागद काही उतरला नाही.

होळीच्या आधी गोवर आला. गोवर पहिलेही येई, लेकरं निंबाच्या पाल्यात निजत आणि उठत. पण उठायला अंगात काही लागतं. पुंजाचा गोवर गेला आणि हगवण राहिली. मनकर्णानं मोताळ्याला नेऊन कडे विकले, मग करदोटा कापून विकला. सोनाराच्या काट्यावर चांदीचं वजन चोख निघालं. त्या पैशानं बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. परत आणला तेव्हा ती त्याला पदराखाली झाकून बसली होती आणि कोणाला बघू देत नव्हती. त्याची कंबर नंगी होती.

पुंजाचे दिवस झाल्यावर ती पंचफुलाच्या दारात आली. "तू सांगतलं होतं," एवढंच म्हणाली.

पंचफुला म्हणाली, "चांगले करून आना, हेही मीच सांगतलं होतं." मी चहा केला तो कोणी घेतला नाही.

पाऊस पडला आणि त्यानंतर पुन्हा जीप आली. साहेब दुसरे, काटा तोच. या खेपेला पंचफुला काळ्या दोऱ्याचं रीळ घेऊन पाराखाली उभी होती. लेकरू आलं की आधी कमरेला काळा दोरा बांधी, मग म्हणे, "आता नंगी नाई ना कंबर? काढा चांदी." तरी एक म्हातारी कुरकुरलीच, "कोनाजवळ देऊ? हरवली मंग?"

तेव्हा मनकर्णा पुढं आली. पाराच्या कडेला मांडी घालून बसली आणि ओटी पसरली. "माह्याजवळ द्या."

तिला नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. ओटीत चांदी पडत गेली. वर कारकून ओरडत होता, आणि त्या दिवशी पास असा शब्द फार थोड्या वेळा ऐकू आला. बायांच्या माना खाली. साहेब म्हणाले, "अरे, हे तर सुदृढ गाव होतं ना? दुष्काळानं केलेलं दिसतंय." त्यांनी दुष्काळ लिहिला. केंद्र मिळालं.

मनकर्णानं एकही न चुकता ज्याचा करदोटा त्याला दिला. मग पदर झटकला, पुन्हा झटकला, आणि रिकामी ओटी तशीच पसरून बराच वेळ बसून राहिली.

पंचफुलाच्या माघारी तिची पेटी मीच उघडली. शिवणाच्या डब्यात ते काळ्या दोऱ्याचं रीळ होतं. लग्नात आईनं रिळासकट दिलेला डबा तो. पहिल्या वेळी काटा आला तेव्हाही ते रीळ तिथंच होतं.