आपोआप फिरणारं चाक

आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवर एक चाक केलंय. कडेला लोंबती वजनं लावलीत, आणि म्हणे एकदा ढकललं की स्वतःच्याच भाराने कायम फिरणार. काल ते खरंच थांबेना! उलट वेग वाढतच गेला. "अगं बघ, वीज नाही, डिझेल नाही!" ह्यांनी मला हात धरून स्क्रीनसमोर आणलं. आता अंगणात खरं लोखंडी चाक उभारायचं, हेही ठरवून मोकळे.

आमची सून मुक्ता इंजिनियर. ती हळूच म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटर हालचालीचा हिशेब वेळेच्या तुकड्या-तुकड्यांनी करतो. तुकडे मोठे असले की चूक साठत जाते. तीच चाकाला ढकलतेय. तुकडे बारीक करून बघा."

"मग थांबेल?"

"थांबेल. घर्षण तुम्ही धरलंयच."

ह्यांचा हात माउसवर तसाच राहिला. मला काही बसवेना. उठले, पडदा सारला, पुन्हा येऊन उभी राहिले. एका बाजूने जेवढं खाली येतं, तेवढं दुसऱ्या बाजूने कुणाला तरी वर न्यावंच लागतं, नाही का? घरसुद्धा आपोआप चालल्यासारखं दिसतं, पण ते बघणाऱ्याला. हे सगळं खरं. पण ते चाक गेलं, तर हा माणूस सकाळी उठेल कशासाठी?

ह्यांनी तुकडे बारीक केले. चाक मंदावलं, जरा मागेपुढे झुललं आणि थांबलं. मग ह्यांनी चष्मा पुसला, एक वजन किंचित आत सरकवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आता?"

"ढकला की," मी म्हणाले.