बॉबीनवाल्या रंजनाची पोर

“तुमची मुलगी मुकी आहे का हो?” उषाबाईंनी भर वर्गात विचारलं आणि रंजनाचा हात आपोआप कमरेवर गेला.

“मुकी? कोण मुकी? घरी येऊन बघा टीचर, तोंडाचा पट्टा बंद नसतो तिचा!”

पहिलीचा वर्ग. सूरतच्या लिंबायत भागातली मराठी शाळा, खानदेशातून पोटामागे आलेल्यांची पोरं बसवायला उघडलेली. एका भिंतीला पहिली, दुसऱ्या भिंतीला दुसरी, आणि दोन्हींच्या मधे एकट्या उषाबाई. वर मतदारयाद्यांचं कामही त्यांच्याच गळ्यात. सरकारला पोरं शिकवायची असतात, फक्त त्यासाठी माणूस द्यायचा नसतो.

उषाबाई चिडल्या नाहीत. त्यांनी दिपालीला उभं केलं. “बेटा, माकडाचं गाणं म्हण.”

दिपाली उभी राहिली. दोन वेण्या, शाळेनं दिलेला गणवेश, कोपरापर्यंत आलेल्या बाह्या. हाताची घडी घालून ती ओठ हलवू लागली. माकड झाडावर चढलं, माकडानं टोपी पळवली. टोपी पळवताना तिनं हातही झटकला. शेवटी मान लववून ती खाली बसली.

“म्हटलं की सगळं!” रंजना म्हणाली. “एक शब्द चुकली नाही पोरगी.”

“तुम्हाला ऐकू आलं?”

रंजनाला ऐकू आलं नव्हतं. तिनं ते पाहिलं होतं.

यात नवल वाटेल ते ज्यांनी कधी यंत्रमागाच्या शेडमधे पाऊल टाकलं नाही त्यांना. इथे शेडला खातं म्हणतात. खात्यात एकाला एक लागून माग, आणि सगळे एकाच वेळी आपटत असतात. कानाशी तोंड लावून ओरडलं तरी ऐकणाऱ्याला नुसता वारा लागतो. म्हणून तिथली माणसं आवाज घरी ठेवून येतात आणि ओठांनी बोलतात. सोबतीला भिवया आणि बोटं. दोन बोटं ओठाला लावली की चहा. कपाळावर आडवी रेघ ओढली की शेठ आला. मागाला लागणाऱ्या दोऱ्याच्या बॉबीन भरणाऱ्या बाया या टोकाहून त्या टोकाला सासूच्या चुगल्या सांगतात, शेठच्या पोटाची टिंगल शेठ समोर उभा असताना करतात, आणि त्याला वाटतं बायकांच्या तोंडात पान आहे.

रंजना दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली. माहेरी तिची हाक शेतातून घरापर्यंत जायची. लग्न होऊन ताप्ती लाइनच्या गाडीनं सूरतला आली, नवरा हेमराज ज्या खात्यात माग चालवतो तिथेच बॉबीनच्या मशीनवर बसली. सुरुवातीला ओरडून ओरडून घसा फुटला. मग गप्प बसून बघायला शिकली, आणि वर्षभरात सगळ्या बायांत तीच जास्त बोलकी झाली. दिपू झाली तेव्हा घरी सांभाळायला कुणी नव्हतं. बॉबीनच्या रिकाम्या खोक्यात गोधडी अंथरून पोरीला मशीनशेजारी ठेवलं. पोरगी खोक्यातून आईचं तोंड बघत मोठी झाली. दुसऱ्यांची पोरं कानानं बोलायला शिकली, ही डोळ्यांनी. राहायची खोलीही खात्याला चिकटून. भिंत चोवीस तास थरथरते, तिथेही कोण घसा फोडणार?

“पहिल्या सत्रात आम्ही फार काही शिकवत नाही हो,” उषाबाई म्हणाल्या. “नाव सांगायचं. हाजर म्हणायचं. तहान लागली, शू लागली तर सांगायचं. अक्षरं काय, मागाहून येतात. ही सांगतच नाही. परवा जागेवरच झालं तिचं. मला विचारलंही असेल तिनं. मी फळ्याकडे तोंड करून होते.”

“मग आता?”

“दिवाळीच्या सुट्टीआधी तिचा आवाज माझ्या कानावर पडला पाहिजे. नाहीतर मला वर कळवावं लागेल. तापीपलीकडे बहिऱ्यामुक्यांची शाळा आहे, तिकडे पाठवतील.”

तापीपलीकडे. बाप मागावर, आई मशीनवर. रोज पोरीला बसनं नदीपार कोण नेणार आणि कोण आणणार? रंजनाला बरोबर कळलं की तापीपलीकडे म्हणजे कुठेच नाही. तिची स्वतःची शाळा तिसरीत सुटली होती. दिपूला बॉबीनवर बसू द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिनं या शहराकडे मागितली होती.

संध्याकाळी पाळी बदलली, हेमराज घरी आला. रंजना त्याच्या समोर जाऊन बसली, कारण समोर बसल्याशिवाय त्याच्याशी बोलता येत नाही.

“आपली दिपू बोलस का?”

“बोलस ना. दिनभर बोलस. काबरं?”

“तुमी तिना आवाज आयकेल शे का?”

हेमराज हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि तो विचार करू लागला. “लहानपनी रडे ना,” तो म्हणाला.

“रडाना नही. बोलाना.”

त्यानं पोरीला मांडीवर ओढलं, तिच्या तोंडाला कान लावला आणि म्हणाला, “बोल वं माय, काहीबी बोल.” दिपू त्याच्या कानात काहीतरी म्हणाली. हेमराजनं कान आणखी जवळ नेला. मग त्यानं बायकोकडे पाहिलं.

“काय म्हननी ती?”

रंजनानं मान फिरवली. पोरीचे ओठ त्याच्या कानाआड होते, म्हणून तिलाही कळलं नव्हतं. मागांनी त्याचे कान कधीच खाल्ले होते. कोणत्या शेठनं कधी कानात घालायला कापसाचा बोळा तरी दिला?

पण रंजना रडत बसणारी नव्हे. आठवड्यातून एकदा खातं बंद असतं. त्या दिवशी आजूबाजूला इतकं सामसूम होतं की दिपू घाबरून गोधडीत शिरते. रंजनानं तिला बाहेर ओढलं आणि खाडीवर नेलं. खाडी म्हणजे काळं पाणी, प्लॅस्टिक आणि वास. माणूस तिथे थांबत नाही. तेच हवं होतं.

“म्हन, हाजर! जोरमा म्हन!”

दिपूनं ओठ हलवले.

“ओठ नको. पोटमाथीन काढ. हे देख.” आणि रंजनानं स्वतःच बोंब ठोकली, “हाजर!”

जालन्याची कलाबाई शेजारच्याच खोलीत राहायची. ती बादली ओतायला आली होती. “काय गं रंजना, लेकीला केळीच्या गाडीवर बसवती का काय? आत्तापासून ओरडायला शिकवायली!”

“तुमच्या नवऱ्याला हाक मारायला शिकवतेय. दारूच्या गुत्त्यातून तुमचं ऐकून तो येत नाही ना!”

“माय माय! तोंड बघा हिचं!” कलाबाई हसत गेली.

अशा किती सुट्ट्या गेल्या. पोरगी कधी खोकायची, कधी रडायची, कधी नुसतीच आईच्या तोंडाकडे बघायची. आणि मग गणपती गेल्यावरच्या एका सुट्टीला, काय झालं कोण जाणे, दिपूनं मुठी आवळल्या, डोळे मिटले आणि ओरडली, “हाजर!” पाण्याकडेचे बगळे उडाले. रंजना इतकी हसली की मातीतच बसली. येताना तिनं पोरीला गाडीवरचा गरम लोचो खाऊ घातला. वर शेव जास्त टाकायला लावली आणि गाडीवाल्याला सांगितलं, “भाई, मारी छोकरी बोली!” त्याला काय कळणार? त्यानं शेव टाकली.

चूक झाली ती इथेच, आणि ती रंजनाला दिसली नाही. दिसणार कशी? सूरतेत तिला दोनच बोलणी ठाऊक होती. एक ओठांचं आणि एक बोंबेचं. चार भिंतींत, चारचौघांत वापरायचा मधला आवाज तिच्याकडेच उरला नव्हता. तो ती पोरीला कुठून देणार?

नवरात्रीच्या आधी तिनं अर्धी पाळी बुडवली. मुकादम बन्सीलाल हातवारे करून विचारत होता, कुठे? तिनं ओठांनी सांगितलं, “पोरगी हाजर म्हणणार आहे.” तो हसला आणि जा म्हणाला. रंजना वर्गाच्या खिडकीशी उभी राहिली. उषाबाई नावं घेत होत्या. पोरं हाजर टीचर, हाजर टीचर म्हणत होती.

“दिपाली हेमराज.”

दिपूनं मुठी आवळल्या, डोळे मिटले.

“हाजर!”

उषाबाईंच्या हातून खडू पडला. दुसरीचीही पोरं वळली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “टीचर, भोंगा वाजला!” आणि वर्ग हशानं फुटला.

उषाबाईसुद्धा हसल्या. खरं सांगायचं तर आनंदानं हसल्या. “अगंबाई, आहे की आवाज! शाब्बास! आता जरा हळू म्हण बरं.”

दिपूनं पुन्हा मुठी आवळल्या. “हाजर!”

“हळू गं बेटा, हळू.”

“हाजर!”

“हळू! खात्यात आहेस का तू?”

पोरं बाकं बडवायला लागली. भोंगा, भोंगा. दिपूनं खिडकीकडे पाहिलं. आणि रंजनानं तिथून, सवयीनं, ओठांनीच सांगितलं, “हळू.”

पोरीला ते लगेच कळलं. तिचा चेहरा मोकळा झाला. हळू म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. ती उषाबाईंकडे वळली आणि मन लावून, आवाज न करता, तिनं ओठांनी हाजर म्हटलं.

वर्ग पुन्हा हसला. उषाबाईंनी कपाळाला हात लावला आणि पुढचं नाव घेतलं. दिपू खाली बसली.

त्या दिवसानंतर तिनं आवाज काढला नाही. ते एक वेळ समजू शकतं. पण तिनं ओठही मिटले. दिवसभर चिवचिवणारी पोर घरी आली की भिंतीकडे तोंड करून बसायची. हेमराज तिच्या समोर जाऊन बसायचा, हनुवटी धरून तोंड वर करायचा. ती डोळे मिटून घ्यायची. गल्लीत पोरं तिला भोंगा म्हणून हाका मारत. रंजनानं दोघांना चपलेनं बदडलं, त्यांच्या आयांशी भांडली, त्यानं काय होणार? दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा दिपूनं दाराची चौकट धरली ती सोडेना. रंजनानं बोटं सोडवली, ओढत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली, थोबाडीत मारली. पोरगी रडली. तेही तोंड मिटूनच.

एकदा उषाबाई स्वतः खोलीवर आल्या. दारात उभ्या राहून मोठ्यानं बोलत होत्या, कारण भिंतीपलीकडे माग चालू होते.

“वर काही कळवलं नाही मी. मुकी नाही ती, मला माहीत आहे. पाठवा तिला.”

“येत नाही ती.”

“पटावरून नाव काढत नाही मी. पहिलीत कुणाला नापास करत नाहीत. दुसरीत जाईल ती.”

“न बोलता?”

उषाबाईंना ऐकू आलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. “काय म्हणालात?”

“काही नाही,” रंजना म्हणाली. “चहा घेता का?”

त्या चहा न घेता गेल्या. याद्यांचं काम होतं.

आता दिपू खात्यात येते. एकटी खोलीवर ठेवायची कशी? बन्सीलालनं तिला कोपरा दिला. वापरलेल्या बॉबीनवर उरलेला दोरा उलगडून काढायचा आणि रिकाम्या बॉबीन एका बाजूला रचायच्या. तिचा हात चपळ आहे. बाया कौतुकानं रंजनाला भिवयांनी सांगतात, तुझ्यापेक्षा भारी निघाली. रंजना मान डोलावते. काय करणार?

खात्यात ज्यानं मान खाली घातली आहे त्याला हाक मारायची सोय नसते. म्हणून माणसं समोरच्याच्या पायाशी रिकामी बॉबीन फेकतात. तो वर बघतो, मग बोलणं सुरू होतं. दुपारी जेवायची वेळ झाली तेव्हा रंजनानं मशीनवरची एक रिकामी बॉबीन उचलली आणि पोरीच्या पायाशी टाकली. दिपूनं ती उचलली, तिच्यावर दोरा नाही हे बोटांनी चाचपलं, आणि वर न बघता आपल्या ढिगावर ठेवली.

रंजनानं दुसरी टाकली. दिपूनं तीही रचली.