‘कुठून’ हा रकाना

रविवार, अकरा ऑगस्ट. दुपारी साडेतीन. जागा: बसस्टँडमागची पिठाची गिरणी, आतली खोली.

हजर: निवृत्त सुभेदार, आता ऊसवाले. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. गिरणीच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मावशी म्हणतात. त्यांची धाकटी बहीण, सरकारी दवाखान्यात परिचारिका. आणि मी, चिटणीस. एकूण पाच. गैरहजर तिघे. पैकी एकाने कळवलं, दोघांनी नाही.

नव्या वहीचं हे पहिलं पान. जुनी वही वाचनालयाच्या कपाटात आहे. ती तिथे का राहिली आणि आम्ही इथे का आलो, हे लिहून ठेवणं भाग आहे, कारण गावात याबद्दल चार प्रकार सांगितले जातात आणि चारही चुकीचे आहेत.

आमचं गाव रहिमतपूर रस्त्याला. वाचनालयाच्या हॉलमध्ये गेली नऊ वर्षं आमचं वाचन मंडळ भरतं. दर पावसाळ्यात एक चरित्र घ्यायचं, एक सोडून एक असे सहा रविवार. कुणाचं, ते चिठ्ठीने ठरतं. प्रत्येकाने एक नाव लिहून ताटात टाकायचं आणि वयाने सगळ्यात लहान असेल त्याने उचलायचं. उचललेली चिठ्ठी परत ताटात जात नाही. हा नियम मी केलेला नाही, पण नऊ वर्षं मीच तो पाळून घेतलाय. त्याच नियमामुळे एका वर्षी आम्ही सहा रविवार एका कुस्तीगिराला दिले आणि मावशींनी तक्रार न करता सगळे डाव समजून घेतले.

यंदा चिठ्ठी निघाली: इस्लामच्या पैगंबरांचं चरित्र.

सगळ्यांच्या माना गुरुजींकडे वळल्या. गुरुजींनी दोन्ही हात वर केले. “माझी नाही हो. मी रेडिओ शोधणाऱ्याचं नाव टाकलं होतं.”

“माजी हाय,” सुभेदार म्हणाले. “चोवीस वर्षं पलटणीत काढली. शेजारच्या खाटेवरचा गडी रोजे धरायचा. त्याला पहाटं उठवायचं काम माजं. पर कवा इचारलं न्हाई, की बाबा, कुणाचं ऐकून उपाशी ऱ्हातोस? आता इचारावं म्हटलं तर त्यो न्हाई.”

विषय ठरला. मी नोंद केली.

मी हायस्कूलच्या कार्यालयात काम करते. दाखले, जन्मतारखा, वडिलांची नावं. तिथे एक अक्षर बदलायचं तर कागद लागतो आणि खाडाखोडीशेजारी सही लागते. ती सवय मंडळाच्या वहीतही आली. वहीत तीन रकाने आहेत: कोण बोललं, काय सांगितलं, कुठून. तिसऱ्या रकान्यावर सगळे हसतात. हसू देत.

पहिल्या रविवारी गुरुजींनी सुरुवात केली. जन्माआधीच वडील गेलेले, सहाव्या वर्षी आई गेली, मग आजोबांनी सांभाळलं, त्यांच्यामागे चुलत्यांनी. तरुणपणी व्यापारी तांड्यांबरोबर प्रवास. एका व्यापारी विधवेने त्यांच्यावर आपला माल सोपवला आणि पुढे त्यांच्याशी लग्न केलं.

“म्हणजे बाईचा स्वतःचा धंदा होता?” मावशींनी विचारलं. नवरा गेल्यावर त्यांनी ही गिरणी एकटीने चालवली आहे.

“होता. आणि पुढे त्यांच्यावर पहिला विश्वास तिनेच ठेवला.”

“मग सांगा पुढचं,” मावशी म्हणाल्या आणि खुर्चीत नीट बसल्या.

त्या दिवशी मीही बोलले. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट सांगितली. एक म्हातारी पैगंबरांच्या वाटेवर रोज कचरा टाकायची. एक दिवस कचरा पडला नाही, तेव्हा ते चौकशीला तिच्या घरी गेले. ती आजारी होती. त्यांनी तिची सेवा केली. परिचारिकाबाईंनी डोळे पुसले. मी खूश होऊन गोष्ट लिहून काढली आणि ‘कुठून’च्या रकान्यात काय लिहावं हे न सुचल्याने तो कोरा सोडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या रविवारी गुरुजींनी जुने लोक कसे नोंदी ठेवत, ते सांगितलं. पैगंबरांची एखादी आठवण सांगायची तर आधी साखळी सांगायची: मी हे अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, अशी थेट प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसापर्यंत. मग पुढचे विद्वान ती कडी कडी तपासायचे. हे दोघे एका काळात होते का? भेटले असतील का? याची आठवण पक्की होती का? हा खोटं बोलणारा म्हणून ओळखला जायचा का? एक कडी कच्ची निघाली, की शेजारी तसा शेरा. आणि तरीही प्रश्न उरतातच. आपल्यापर्यंत पोचलेलं सगळ्यात जुनं चरित्र त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी रचलेलं, त्यामुळे त्यातलं काय आणि किती धरायचं यावर अभ्यासक आजही भांडतात.

मी तीन पानं लिहिली. हात दुखेपर्यंत.

“म्हंजी आपल्या ताईंसारकीच मानसं हुती की तितं,” सुभेदार म्हणाले.

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. “ताई, राग मानू नका. ती कचऱ्याची गोष्ट. मी स्वतः तीस वर्षं वर्गात सांगितली. आता मंडळासाठी म्हणून जुन्या पुस्तकांत शोधली. मला सापडली नाही.”

मी पेन उचललं. “मग काढून टाकू?”

“काढू नका. शेजारी लिहा: साखळी सापडली नाही.”

लाल शाईने लिहिलं. संध्याकाळी सांगलीला मोठ्या बहिणीला फोन केला, कारण ती गोष्ट मला तिने सांगितली होती. ती म्हणाली, “शाळेत शिवणाच्या बाईंनी सांगितलेली. आता इतक्या वर्षांनी तुला काय करायचंय?” मी रकान्यात लिहिलं: मी, बहीण, शिवणाच्या बाई.

तिसरा रविवारही हॉलमध्येच झाला. त्यानंतरच्या गुरुवारी वाचनालयाचे अध्यक्ष घरी आले. ते माझ्या मिस्टरांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे भावजी. चहा घेतला आणि म्हणाले, “वहिनी, हॉलला रंग द्यायचाय. रविवारी बंद राहील.”

“ऑगस्टात? भिंतींना हात लावून बघा, पाणी लागतंय.”

“बरं, खरं सांगतो. लोक बोलतात.”

“कोण?”

“लोक हो. दुसरा विषय मिळाला नाही का म्हणतात. गुरुजींनी मुद्दाम चिठ्ठी घुसवली म्हणतात.”

“चिठ्ठी सुभेदारांची. त्यांचं अक्षर आहे, वहीला चिकटवलीय. आता तुम्ही सांगा, तुम्ही कुणाकडून ऐकलं?”

“मेव्हण्याकडून.”

“लावा फोन.”

ते लावेनात, म्हणून मी लावला. मेव्हण्यांनी सलूनमध्ये ऐकलं होतं. सलूनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, लग्नाला आलेला कुणी पाहुणा बोलत होता, मेढ्याकडचा असावा, नाव ठाऊक नाही. मी हे सगळं कागदावर एकाखाली एक लिहिलं आणि कागद भावजींसमोर ठेवला. “हे तुमचे लोक. एक पाहुणा, नाव नाही. आणि तो चिठ्ठी काढताना हजर नव्हता.”

भावजींनी कागदाकडे पाहिलंही नाही. “वहिनी, तुम्ही कारकुनी करता, मला गाव सांभाळायचंय. एक करा. विषयाचं नाव बदला. ‘अरबस्तानचा इतिहास’ लिहा. आत काय वाचायचं ते वाचा. वहीतली आधीची पानं तेवढी नव्याने लिहा. नाहीतर रविवारी कुलूप.”

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं, यात जातंय काय? हॉल राहील, पंखे राहतील, तीन रविवार निर्विघ्न पार पडतील. म्हणून मी गुरुजींकडे गेले.

“लिहून टाका ताई,” ते लगेच म्हणाले. त्यांनी चौथ्या रविवारसाठी काढलेली टिपणं उघडली. त्यात एका तहाची हकीकत होती. मक्केवाल्यांशी तह लिहिला जात होता. पैगंबरांच्या नावापुढे ‘ईश्वराचा दूत’ असं लिहिल्यावर समोरचा अडला: आम्ही ते मानत असतो तर तुमच्याशी लढलो कशाला असतो? लिहिणारा खोडायला तयार नव्हता. पैगंबरांनी स्वतः ते शब्द काढायला लावले आणि तिथे फक्त अमक्याचा मुलगा एवढंच लिहिलं गेलं. “त्यांनी शब्दासाठी तह मोडू दिला नाही,” गुरुजी म्हणाले. “मग आपण कोण?” आणि टिपणं मिटत म्हणाले, “मला याच गल्लीत राहायचंय, ताई.”

हे दुसरं वाक्य मला जास्त लागलं. हट्ट माझा आणि त्याची झळ बसणार त्यांना. मी म्हटलं, “तुम्ही रविवारी येऊ नका. मी ‘गैरहजर, कळवून’ असं लिहीन, कुणी काही विचारणार नाही. टिपणं मला द्या, मी वाचते. पण नाव खोडणार नाही. तहात ज्यांचं बिरुद होतं, त्यांनी स्वतः ते खोडायला लावलं. माझं नाही ते. मला खोडायचा हक्क नाही.”

मी पुढे म्हटलं, “आणि चिठ्ठी ना तुमची, ना माझी. ज्यांची आहे त्यांना विचारू.” फोन लावून स्पीकरवर ठेवला.

सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं. “आवं गुर्जी, खोडायचंच आसंल तर हजेरीतनं माजं नाव खोडा. त्ये ऱ्हाऊ द्या. मी सीमेवर उभा ऱ्हायलोय, त्या रंगाच्या डब्याला भ्यायचो व्हय?”

गुरुजी हसले. टिपणं पुन्हा उघडत त्यांनी विचारलं, “मग रविवारी बसायचं कुठे?”

शुक्रवारी मी हॉलच्या किल्ल्या परत केल्या. वहीसुद्धा, कारण ती वाचनालयाची आहे आणि दुसऱ्याची वस्तू मी ठेवून घेत नाही. पण त्याआधी प्रत्येक पानाला क्रमांक घातला, प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि शेवटच्या पानावर लिहिलं: “एकही पान फाडलेलं किंवा बदललेलं नाही.” खाली आम्हा पाच जणांच्या सह्या. आता कुणी पान काढलं तर ते दिसेल. भावजी पोच देणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून पोच मीच लिहून नेली होती. सही घेतल्याशिवाय उठले नाही.

“चिटणीसपदाचा राजीनामा?” त्यांनी विचारलं.

“तो आणलेला नाही. मला काढायचं असेल तर सभा बोलवा आणि लेखी नोटीस द्या. विषय म्हणून जे लिहाल ते मात्र खरं लिहा.”

आजपर्यंत नोटीस आलेली नाही. हॉलला रंगही लागलेला नाही.

रविवारी गिरणी बंद असते. मावशींनी दाराच्या फळ्यावर, दळणाच्या दराखाली, खडूने ठळक लिहिलं: इस्लामच्या पैगंबरांचं चरित्र. रविवार चौथा. सर्वांना प्रवेश. खुर्च्यांवर पीठ होतं, ते झटकून बसलो. तहाची हकीकत गुरुजींनी स्वतः वाचली, सावकाश, दाराकडे तोंड करून. मध्ये एक माणूस डोकावला. गुरुजींनी ओळीवर बोट ठेवलं. त्याने फळा वाचला, आत पाहिलं आणि विचारलं, “ज्वारी दळून मिळंल का?”

“उद्या,” मावशी म्हणाल्या. “आज ऐकायचं असेल तर बसा.” तो पिशवी मांडीवर घेऊन अर्धा तास बसला. त्याचं नाव विचारून घेतलंय. पुढच्या वेळी आला तर हजेरीत येईल.

आता राहिलेलं काम. शिवणाच्या बाई कोयनानगरला मुलाकडे असतात. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, समोर बसून विचारावं लागेल. मुलगा म्हणतो, कधीही या, पण लवकर या, आईचं वय झालंय. दोनदा निघायचं ठरवलं, दोन्ही वेळा घाटात दरड पडली होती. पण मी भावजींना घरी बसवून कडी कडीचा जाब विचारलाय. तेव्हा माझी कडी अशी अर्धवट सोडता येणार नाही.

नव्या वहीत कचऱ्याच्या गोष्टीची नोंद उतरवून घेतली आहे, लाल शेऱ्यासकट. ‘कुठून’: मी, बहीण, शिवणाच्या बाई. पुढे जागा सोडली आहे. बाईंना विचारायचं, तुम्हाला कुणी सांगितलं? बाकी.