तीन म्हणतं, तीनवर जा

धाकटीने ते बटण दाबलेलंच नाही, ही शंका जेवणं झाल्यापासून माझ्या डोक्यात ठाण मांडून बसली आहे. तिचे बाबा म्हणाले, "तुला काळजीला विषय लागतो, बाकी काही नाही," आणि कूस बदलून घोरू लागले. हा माणूस घोरतो, हे धाकटीने शाळेत असतानाच शास्त्रशुद्ध सिद्ध केलं होतं.

तेव्हा तिने आमच्या घराण्याची ओळखकिल्ली केली होती. प्रत्येक पायरीवर एक प्रश्न, दोन उत्तरं, आणि उत्तरापुढे कुठल्या पायरीवर जायचं तो आकडा. चष्मा आहे? असेल तर दोनवर जा, नसेल तर चारवर. झोपेत घोरतात? हो, तर बाबा. दुसऱ्याला बोलू देते? नाही, तर आत्या. आत्याने किल्ली स्वतःवर चालवून पाहिली आणि नेमकी स्वतःपाशीच पोचली. अजूनही आमच्याकडे आली की ती मुद्दाम गप्प बसते, आणि तिचं ते गप्प बसणं शेजारीही ऐकू जातं.

आता धाकटी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत गोगलगायींवर काम करते. टेबलभर काचेच्या नळ्या, नळ्यांत रिकामे शंख, आणि कुठेतरी सकाळचा अर्धा खाल्लेला पाव. बागकाम करणाऱ्यांना घरच्या घरी गोगलगाय ओळखता यावी म्हणून तिने एक पुस्तक लिहिलंय. तिचं पहिलंच. त्यातली किल्ली ती हाताने आकडे टाकून करायची. मध्ये एक पायरी वाढली की पुढचे सगळे आकडे खोडा, पुन्हा टाका. शेवटी तिच्या शेजारच्या टेबलावर मुंग्यांचा अभ्यास करणाऱ्या मुलाला तिची दया आली. आम्ही त्याला मुंगीवाला म्हणतो. तो घरी येऊन तिच्या लॅपटॉपवर आकडे आपोआप पडतील अशी सोय करून गेला.

"डावीकडचे पायऱ्यांचे आकडे आपले आपण सरकतील," त्याने समजावलं. "उजवीकडचे 'अमुकवर जा' मात्र आळशी आहेत. शेवटी सगळं निवडून एफ-नाइन दाबायचं, तेव्हा कुठे ते जागे होतात."

"कळतं मला."

"विसरशील."

"विसरले तर पुढच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापीन, मुंगीवाला शहाणा."

"फोटोसकट?"

"मुंगीच्या फोटोसकट. तुझा कशाला, वाचक घाबरतील."

मी तिथेच बसून मटार सोलत होते. मला कुणी विचारलं नव्हतं, पण एफ-नाइन माझ्या लक्षात राहिलं.

परवा धाकटी घरी आली तेव्हा माझ्या कुंड्यांमागे तिला एक गोगलगाय सापडली, शंखावर बारीक लव असलेली. ही तर यादीतच नाही, म्हणून पोर जेवण सोडून उठली आणि तिच्यासाठी किल्लीत नवी पायरी घातली. थेट दुसरी. आज संध्याकाळी पुस्तकाची पीडीएफ आली, सोबत निरोप: "उद्या सकाळी छापायला जातंय. फक्त शुद्धलेखन बघ. बाकीच्यात नाक खुपसू नकोस."

नाक मी खुपसलं नाही. कुंडीतली एक साधी गोगलगाय आणून ताटलीत ठेवली, इतकंच. शंख आहे, दोनवर जा. शंखावर लव नाही, तीनवर जा. तीनवर विचारलं होतं, शंख चपटा की उंच? चपटा. त्यापुढे लिहिलं होतं, तीनवर जा.

मी पुन्हा तीनवर गेले. पुन्हा चपटा. पुन्हा तीनवर. तोवर गोगलगाय कंटाळून ताटलीबाहेर निघाली होती. मग बिनशंखाची गोगलगाय मनात धरली, तर किल्लीने तिला नऊवर पाठवलं आणि विचारलं, शंखाची कड जाड की पातळ? त्या बिचारीने काय सांगायचं?

पायऱ्या एकेक घर पुढे सरकल्या होत्या आणि 'अमुकवर जा' जुन्याच जागी लोळत होते. हे असंच छापलं गेलं, तर बागाबागांतून माणसं तीनवर गोल फिरत बसतील आणि धाकटीच्या नावाने हसतील.

मुंगीवाल्याला फोन केला तर तो आनंदाने उडी मारील. पण मग पोर मला जन्मभर माफ करणार नाही. आणि तिने बजावून ठेवलंय, "आई, रात्री फोन फक्त आग लागली तर." मागे दूध उतू गेलं तेव्हा मी केला होता, तेव्हापासूनचा हा नियम. सकाळी मी उठेपर्यंत ती फाईल पाठवून मोकळी झालेली असेल.

तेव्हा तिला आताच फोन करते. ओरडायच्या आत सांगीन, घर शाबूत आहे, बाबा घोरतायत, आणि तू एफ-नाइन दाब. शिवाय हेही सांगीन, की मुंगीवाल्याला मी काही कळवणार नाही. निदान आज तरी.